केस वडिलांची, मशीन कुणाचं?

वडील गेल्यावर त्यांचं मनगटी घड्याळ मुलाच्या वाट्याला आलं, आणि मुलगा मुद्रितशोधक निघाला, तिथेच सगळं बिघडलं. दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. नातेवाईक त्याला ‘शुद्धिपत्र’ म्हणत. बाकीचे पाठीमागे, भावोजी तोंडावर. निवृत्तीनंतर चुका मिळायच्या बंद झाल्या आणि त्याला करमेना.

अशातच त्याने जुन्या घड्याळांवरचा एक लेख वाचला. अशा घड्याळांत पुष्कळदा केस एकाची आणि मशीन दुसऱ्याचं असतं, असं त्यात म्हटलं होतं. झालं! भिंग आलं, घड्याळ खिडकीपाशी गेलं. किल्ली द्यायचं बटण केसच्या भोकात अगदी किंचित तिरकं बसलं होतं.

“मला केस ओरिजिनल आहे का ते बघायचंय,” तो बायकोला म्हणाला.

“आधी डोक्यावर आहे का ते बघा.”

“घड्याळाची केस! चेष्टा नको.”

“घड्याळ चालतंय ना?”

“चालतंय. पण ते खरं आहे का?”

“वेळ बरोबर दाखवतंय, आणखी किती खरं असायला हवं?” असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. तो तडक घड्याळाच्या दुकानात गेला.

दुकान एक बाई चालवत. डोळ्याला भिंग लावून त्या कुठल्याशा घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसल्या होत्या. त्यांनी याचं घड्याळ कानाला लावलं.

“मस्त चाललंय की. नका उघडू, जुना जीव आहे.”

“उघडाच. मशीन आणि केस एकमेकांची आहेत का, एवढंच बघायचंय.”

बाईंनी मागचं झाकण काढलं आणि हसल्या. “याचं लग्न लावलंय कुणीतरी.”

“म्हणजे?”

“केस मोठी, मशीन लहान. म्हणून हे बघा, भोवती पितळी पट्टी घालून घट्ट बसवलंय. झाकणाच्या आत जुन्या मशीनच्या घासल्याच्या खुणा आहेत, त्या याच्याशी जुळत नाहीत. डायल तर चक्क डिंकाने चिकटवलीय. केस बिजवर आहे तुमची!”

त्याला वर्षानुवर्षांत झाला नव्हता इतका आनंद झाला. चूक सापडली होती! “डायल जरा उचलून दाखवा,” तो म्हणाला. बाई नको नको म्हणत होत्या, हा ऐकेना. डायल उचलली, ती मधोमध तडकली, सेकंदकाटा उडून टेबलाखाली गेला आणि घड्याळ थांबलं.

पण त्याचं लक्ष आता घड्याळात नव्हतंच. वडिलांच्या आजारपणात ते दुरुस्तीला भावोजींनी नेलं होतं, हे त्याला आठवलं होतं. घरी येताच त्याने ताईला फोन लावला.

“ताई, बाबांचं घड्याळ भावोजींनी कुठे दुरुस्त करून घेतलं होतं गं?”

“का रे?”

“सहज. आतलं मशीन बदललं गेलंय.”

“तुला म्हणायचंय काय? ह्यांनी चोरलं?”

“मी कुठे तसं म्हटलं? ‘बदललं गेलंय’, या वाक्यात कर्ताच नाहीये. कर्ता कोण, एवढंच विचारतोय.”

ताईने फोन आपटला. बायको दारात उभी होती. “व्याकरण झालं असेल तर चपला घाला आणि माफी मागून या,” ती म्हणाली. हा म्हणाला, आधी खुलासा येऊ दे.

खुलासा संध्याकाळी स्वतःच्या पायांनी आला. भावोजी बसले नाहीत. त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. लग्नात सासऱ्यांनीच त्यांना दिलेलं होतं ते.

“उघड हे, शुद्धिपत्र. बघ तरी आत काय आहे ते.”

आत काहीच नव्हतं. नुसती केस, डायल आणि कुठल्याही वेळेला न हलणारे दोन काटे.

“बाबांच्या मशीनमध्ये पाणी गेलं, गंजून लगदा झाला होता,” भावोजी म्हणाले. “आणि ते सारखं घड्याळ कानाला लावून विचारायचे, चालू आहे ना रे? मी काय सांगणार होतो? त्यांचंच घड्याळ हवं होतं त्यांना. मग माझ्यातलं मशीन काढून त्यात बसवलं. केस त्यांची, टिकटिक माझी. ते खूश होते.”

“मला का नाही सांगितलंत?”

“फोन केला होता. तू शब्दकोशाची शेवटची मुद्रितं तपासत होतास. म्हणालास, भावोजी, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

त्याला ते वाक्य आठवलं. त्यात कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी होतं.

पुढच्या आठवड्यात त्याने बाईंच्या हातापाया पडून घड्याळ पुन्हा चालू करून घेतलं. तडकलेली डायल मात्र तशीच राहिली. ते घेऊन तो ताईकडे गेला.

“भावोजी, हे तुमचं. मशीन काढून घ्या, नाहीतर अख्खंच ठेवा.”

“छे छे. ते मी सासऱ्यांना दिलं होतं. आता आपलं आहे, आपणच ठेवावं.”

“अहो, ‘आपण’ काय म्हणता? अरे म्हणा की मला. शुद्धिपत्र म्हणा!”

“असं कसं? बसा ना. उन्हातून आलात.” भावोजींनी पंखा लावला आणि उशी त्याच्याकडे सरकवली. त्यांच्या वागण्यात बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती.

तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता. लहानपणी याच्या दुधातली साय पळवणारी, याच्या वाटचा मार खाणारी ताई थोड्या वेळाने ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये पाहुण्यांसाठी ठेवलेली, सोनेरी काठाची कपबशी होती. तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं,

“साखर किती घालू?”