अप्पांच्या झोपेचा तपास

"मी म्हणजे कोण?" असं गहिनीनाथ समोरच्याला विचारत आणि त्याला तोंड उघडायची संधी न देता स्वतःच सांगत, "मी म्हणजे चालतंबोलतं पोलीस ठाणं. चपला बघून माणसाची सासुरवाडी सांगतो. मी पाटोद्यात जन्मलो हे पाटोद्याचं नशीब. मोठ्या शहरात असतो तर तिथल्या चोरांनी केव्हाच शेती धरली असती."

सिदूला हे सगळं मान्य होतं. फक्त गेल्या वर्षी याच गृहस्थांनी हरवलेला स्वतःचा चष्मा तीन दिवस शोधला होता आणि संशयावरून दोन शेजाऱ्यांची उलटतपासणी घेतली होती. चष्मा फ्रिजवर निघाला. शेजारी अजून बोलत नाहीत.

सिदू त्यांचा सहायक. त्याच्या अंगी गुण एकच, त्याची पाटोदा-बीड चालणारी जीप होती आणि तपासाला वाहन लागतं.

ऐन लग्नसराईत विरुपाक्षअप्पांनी दोघांना आपल्या कापडाच्या दुकानात बोलावून घेतलं. दीड महिना अप्पांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आदल्याच दिवशी त्यांनी नवरीच्या शालूऐवजी पडद्याचं कापड बांधून दिलं होतं. अप्पांचा आवाज पार खोल गेला होता.

"बीडला म्हणं नुसतं बोलून झोप आणणारं कोणी हाय," चहाचा घोट घेत अप्पा कुजबुजले. "पण नाव कोणी सांगंना. जो जाऊन येतो तो म्हणतो, कोर्टात गेलतो."

त्यात नवल नव्हतं. कोर्टात खेटे घालणाऱ्याला आपल्याकडे चार लोक उठून जागा देतात. मनाच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याजवळून तेच चार लोक उठून जातात.

"अवो, सरळ विचारा की कोणाला," अप्पांच्या पत्नी शांतादेवी गल्ल्यावरून म्हणाल्या. "दिवसाला पन्नास-साठ माणसं येत्यात दुकानात."

"वहिनी, सरळ विचारलं की सावज सावध होतं," गहिनीनाथांनी डोळे बारीक केले.

सिदू मान खाली घालून उभा राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. रुचिका मॅडम, बीडच्या धान्यबाजारात, जुन्या मोंढ्यामागं, दुसरा मजला. दिवाळीपासून तो स्वतः तिथं जात होता. मांजरसुंब्याच्या घाटात भर दुपारी स्टिअरिंगवर त्याला डुलकी लागली होती आणि जीप कठड्याला घासून थांबली होती. तेव्हापासून त्याची झोपच पळाली. मॅडमकडे चार महिने जाऊन ती परत आली. पण हे सांगायचं कसं? डोक्याचा इलाज चाललेल्या ड्रायव्हरच्या जीपमध्ये कोण बसेल? घर त्या जीपवर चालत होतं. तो गप्प राहिला आणि गप्प राहिल्याची त्याला लाज वाटली.

तपास सुरू झाला. पहिला सिद्धांत असा, की पोहायला पोहणारा शिकवतो, म्हणजे झोपायला झोपणारा. तालुक्यातला सर्वांत पट्टीचा झोपणारा म्हणून जिनिंग मिलचे राखणदार बबनराव निवडले गेले. त्यांना मिलमध्ये जाऊन उठवायलाच अर्धा तास लागला.

"तुमी झोपता कसं?" गहिनीनाथांनी वही उघडली.

"आडवा होतो," बबनराव म्हणाले.

"आणि मग?"

बबनराव बसल्या जागी घोरू लागले होते. गहिनीनाथांनी वहीत 'साक्षीदार सहकार्य करत नाही' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी बीडला. एका जिन्यावर 'तणावमुक्त यश' अशी पाटी पाहून गहिनीनाथांनी अप्पांना आत ढकललं. तो बारावीचा क्लास होता. अप्पांना पहिल्या बाकावर बसवून हातात भौतिकशास्त्राच्या नोट्स देण्यात आल्या. पाचव्या मिनिटाला अप्पांची मान डुलकीने खाली गेली, दीड महिन्यात पहिल्यांदाच. दहाव्या मिनिटाला सरांनी त्यांना बाहेर काढलं आणि पालकांना घेऊन यायला सांगितलं.

परतीच्या वाटेवर अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सिदू, माणूस न झोपता किती दिवस जगतो रे?"

सिदूने घरी जाऊन वहीचं पान फाडलं. डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली आणि सकाळी गहिनीनाथांच्या दाराखालून सरकवली: 'जुन्या मोंढ्यामागं, दुसरा मजला. बुधवारी अकराला. एकटं या.' बुधवारी अकराची वेळ सिदूची स्वतःची होती, आणि मॅडम एका वेळी एकालाच भेटतात, म्हणून शेवटचं वाक्य. बिचाऱ्याने मॅडमचं नाव घातलं नाही, कारण नाव विचारत कोणी गेलं तर मॅडमच्या तोंडून आपलं नाव निघेल अशी भीती.

तासाभरात गहिनीनाथ भिंगासकट दुकानात हजर झाले. "अप्पा, धमकी! अक्षर थरथरतंय, म्हणजे लिहिणारा निर्ढावलेला. कागदाला ग्रीस लागलंय, म्हणजे टोळीकडे गाडी. आणि हे बघा, एकटं या! तुम्हाला पळवून न्यायचा बेत हाय. झोप कावून उडाली, कळलं का आता? टोळीने पाळत ठेवून उडवली."

झोप आधी उडाली आणि चिठ्ठी नंतर आली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. अप्पांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मंगळवारी दिवसभर ते काठी मांडीवर घेऊन दुकानाच्या दाराकडे बघत बसले. गिऱ्हाइकाने मापाचा गज उचलला तरी दचकत. सिदूला कळून चुकलं की आपण भलं करायला गेलो आणि माणसाचं उरलंसुरलं अवसान काढून घेतलं.

बुधवारी अकराला सगळे जुन्या मोंढ्यामागच्या जिन्याशी उभे. गहिनीनाथ खांबाआड दबा धरून, शांतादेवी पदर खोचून.

अप्पा एकदम म्हणाले, "तुमी खालीच थांबा. एकटं या म्हणलंय ना? मीच जातो. पोरगी अपेक्षा सासरी सुखात हाय, माझं काय व्हायचं ते होऊ द्या." आणि काठी टेकत ते पहिली पायरी चढले.

सिदूला राहवलं नाही. "अप्पा, थांबा! चिठ्ठी माझी हाय."

"पकडा!" खांबाआडून आवाज आला.

"वर टोळी न्हाई, अप्पा. झोपंच्या मॅडम हायत. मी दिवाळीपासून येतोय. मला न्हाई झोप यायची. लई घाबरलतो. सांगितलं तर गाडीत कोण बसंल, म्हणून…"

अप्पा पायरीवरून मागे वळले. "आता येती झोप?"

"येती."

अप्पांनी काठी सिदूच्या हातात दिली आणि दुसरी पायरी चढले.

तासाभराने ते उतरले तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा सैल पडला होता. "पहिलाच प्रश्न, दिवसाला चहा किती? मी म्हणलं, प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर अर्धा कप. न घेतला तर त्यांना अपमान वाटतो. लग्नसराईत साठ गिऱ्हाइकं. मॅडमनी हिशेब केला आन डोक्याला हात लावला."

"म्हणजे चहा?" शांतादेवी किंचाळल्या. "तीस कप?"

"निम्मा चहा," अप्पा हळूच म्हणाले. "निम्मं अपेक्षाचं. घर रिकामं झालंय गं. ते तुला सांगायचंच राहिलं."

शांतादेवींनी भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरला.

"चहावर माझा पहिल्यापासून संशय होता," गहिनीनाथ म्हणाले आणि वहीत तशी मागची तारीख टाकून नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सिदू गिऱ्हाइकांना सोडायला आला तर दुकान माणसांनी भरलेलं. अप्पांनी त्याला बघितलं आणि गादीवरून मोठ्यानं हाक मारली, "सिदू, पुढल्या बुधवारी मला परत झोपंच्या मॅडमकडं न्यायचंय. तू बी चल तुझ्या भेटीला."

सगळ्यांच्या नजरा सिदूवर. झालं, संपली आपली गाडी, असं त्याला वाटलं. उद्यापासून रिकाम्या सीटा.

मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेले उमापूरचे एक धिप्पाड गृहस्थ शालू बाजूला सारून उठले. त्यांनी सिदूला दाराशी गाठलं, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं,

"बुधवारी तुमच्या जीपमधी जागा हाय का? आमी दोघं हावोत."

त्यांच्यामागं आणखी तिघं उभे होते.