सिस्टरांच्या परसातला घेवडा

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत एक बाई ओरडते, "गलका करू नका रे, हितं गंगूबाईचं लगन लागून राहिलंय!"

नवा भाडेकरू असला तर दचकतो. आम्ही मात्र कूस बदलतो. कारण गंगूबाई म्हणजे तांबड्या भोपळ्याचा, आमच्याकडच्या भाषेत काशीफळाचा वेल, आणि ओरडणाऱ्या बाई म्हणजे आमच्या शेजारीण इंदू सिस्टर. त्या एक नर फूल खुडतात, पाकळ्या काढून टाकतात आणि मादी फुलात हलक्या हातानं फिरवतात. मग त्या फुलाचं तोंड दोऱ्यानं बांधून टाकतात.

"बांधायचं कामून?" मी एकदा विचारलं.

"मधमाशीचा काय भरोसा, भाऊ? पलीकडच्या गल्लीतल्या संकरित भोपळ्यावरून उठती न् हितं येऊन बसती!"

सिस्टरांनी बिलोलीकडच्या खेड्यांमधून सारी नोकरी बाळंतपणं करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर अहमदपुरात आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि मागं खोल्यांपेक्षा मोठं परस सोडलं. घरी एकट्याच. लग्न केलं नाही. एक भाचा पुण्यात असतो, दिवाळीला फोन करतो.

खेड्यातल्या बाळंतिणी त्यांना काहीबाही द्यायला बघायच्या. सिस्टर घ्यायच्या नाहीत. शेवटी म्हणायच्या, "द्यायचंच आसंल तर तुझ्या परसातलं बी दे." म्हणून त्यांच्याकडं प्रत्येक बियाण्याला एका बाईचं नाव आहे. गंगूबाईचं काशीफळ. सोजरबाईचा पांढरा मका. त्या मक्यावर चढणारा कोंडाबाईचा घेवडा, जांभळट दाण्यांचा आणि पाठीवर काळा ठिपका असलेला.

बोलणं अजून दवाखान्यातलंच. मक्याला कणीस धरलं की "पोटुशी हाय", काशीफळ तोडलं की "सुटका झाली". विजेचा माणूस खांबावर चढला की खालून सांगणार, "घाबरायचं न्हाई, लांब श्वास घ्या." तो बिचारा त्यानंच घाबरतो.

एकदा माझ्या बायकोनं, शोभानं, हौसेनं कुंड्यांत स्वीटकॉर्न लावला. त्याला तुरे आले त्या दिवशी सिस्टर चहाला आल्या. बोलता बोलता पदराखालून कात्री काढली आणि चारही तुरे कापले!

"वाईट वाटून घिऊ नगंस, शोभा. ह्याचा पराग उडाला तर माझी सोजरबाई बाटंल."

आमच्या कणसांना मग त्यांच्याच मक्याचा पराग लागला आणि दाणे असे टणक निघाले की शोभाची दाढ दुखली. सिस्टर खूश. "आता झाला खरा मका!"

असा हा जीव. आणि त्या जिवाचा मी घात केला. तो असा.

या उन्हाळ्यात सिस्टरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, लातूरला. सोबत मी जाणार होतो. आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं एक स्टीलचा डबा दिला.

"कोंडाबाईचा घेवडा हाय. औंदा वेल जळाला, एवढंच बी उरलंय. माझ्या घरात घुशी झाल्यात. जपा, भाऊ. डोळा बरा झाला की टोकायचाय."

मी डबा आमच्या स्वयंपाकघरात, हरभऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला. शोभा माहेरी गेली होती. ती आली की सांगू म्हटलं, आणि विसरलो.

ऑपरेशन छान झालं. दोन दिवसांनी सिस्टरांना डोळ्यावर हिरवी पट्टी लावून घरी आणून सोडलं. शोभा तोवर माहेराहून परतली होती. मी जेवायला बसलो. येसराचा मसाला लावलेली झणझणीत आमटी होती. भाकरी कुस्करून दोनदा ओरपली.

"कशाची गं? लई झकास झालीय."

"तुम्हीच तर आणून ठेवले होते दाणे. जांभळे."

मी ताटावरून उठलो. डबा शोधला. धुऊन पालथा घातलेला होता. शोभाला सगळं सांगितलं तेव्हा ती रडायलाच लागली. "आता त्यांना तोंड कसं दाखवायचं?"

सिस्टरांना तेव्हाच सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी "कचेरीचं काम आहे" म्हणून मी नांदेडला गेलो, तिथून बिलोलीची बस धरली, तिथून एका टमटममध्ये बसलो. कोंडाबाईचं गाव ऐकून माहीत होतं. कोंडाबाई आहे की नाही, हे माहीत नव्हतं.

गावात विचारल्यावर एका पोरीनं कुडाच्या घराकडं बोट केलं. कुंपणावर वाळलेल्या वेली होत्या आणि त्यांना वाळक्या शेंगा लटकत होत्या. मी एक शेंग फोडली. जांभळा दाणा, पाठीवर काळा ठिपका! मला एवढं हायसं वाटलं की मी तिथंच कुंपणाला धरून उभा राहिलो.

"कोण रे तू, शेंगा तोडून राहिलास?" आतून आवाज आला. बाजेवर एक सुरकुतलेली म्हातारी बसली होती. हीच कोंडाबाई.

मी सगळं खरं सांगितलं. तिला कमी ऐकू येत होतं, म्हणून माझा गुन्हा मला तीनदा मोठ्यानं ओरडून कबूल करावा लागला. तोवर अर्धी गल्ली जमली होती. कळल्यावर ती हसत सुटली.

"अय्यो! शिजवून खाल्लं? मंग घेवडं कशासाठी असतंय, बाबा? बघायला?"

सुनेला हाक मारून तिनं एक फडकंभर दाणे बांधायला लावले. निघताना माझं मनगट धरलं.

"सिस्टर अजून एकलीच हाय का?"

"हाव," मी म्हटलं.

म्हातारी सुनेला म्हणाली, "आजून एक मूठ घाल."

घरी पोचल्यावर मी आणि शोभा जोडीनं सिस्टरांकडं गेलो. फडकं पुढ्यात ठेवलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी दाणे बोटांनी चाचपले, एक उचलून चांगल्या डोळ्यापाशी धरला. शोभानं माझी बाही घट्ट धरली होती.

"कशी झालती?" सिस्टरांनी विचारलं.

"काय?"

"आमटी गं. कशी लागली?"

शोभा चाचरत म्हणाली, "चांगली झाली होती. पिठूळ लागते, जराशी गोडसर."

"गोडसर व्हय?" त्या दाण्याकडं बघत राहिल्या. "इतकी वर्सं लावून राहिले, पण मी कधी खाल्लाच न्हाई. बियाला ठिवून उरला तर मागणाऱ्याला द्यायचा. अन् एकल्या बाईनं कुणासाठी रांधायचं?"

मग त्यांनी फडक्यातले दाणे निवडायला घेतले. टपोरे बियाण्याला काढले. उरलेले शोभाच्या ओटीत घातले, चांगले दोन ओंजळी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर हिरवी पट्टी सांभाळत आमच्या घरी जेवायला आल्या. भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि खात राहिल्या. वाटी रिकामी झाली तशी त्यांनी ती शोभापुढं सरकवली.

शोभानं काठोकाठ वाढलं.