ओरखडे बुजवणारे कदमनाना

कदमनाना कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलाकडे बघतात, मग माणसाकडे. चष्मा कपाळावर सरकवून फळीवरून तळवा फिरवतात आणि ओरखडा लागला की कळवळतात, "दुखतंय हो त्याला!" घरमालकाच्या गुडघ्याची चौकशी त्यानंतर.

पोस्टातून निवृत्त झालेले नाना दोन महिन्यांपूर्वी दापोलीहून रत्नागिरीत, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये आले. आठवड्याभरात इमारतीतली निम्मी कपाटं त्यांनी दुरुस्त केली. कुणी न बोलावता. अक्रोडाचा गर घासला की ओरखडा लपतो, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. "काश्मीरचा अक्रोड कशाला? आपले काजूगर काय मेलेत?" म्हणत त्यांनी तळमजल्यावरच्या सुर्वेबाईंच्या देव्हाऱ्यावर मूठभर काजू घासले. ओरखडे तसेच राहिले, मुंग्या मात्र आल्या. बाई म्हणाल्या, "नाना, नैवेद्य दाखवायची ही कुठली पद्धत?" तेव्हापासून नाना मेणात गेरू कालवून भरतात. ते मात्र बेमालूम बसतं.

ते राहायला आले, त्याच्या महिनाभर आधी माझी पत्नी गेली. तिच्या लिहायच्या टेबलाच्या कडेला बांगड्या घासून बारीक ओरखडे पडले होते. रोज सकाळी मी त्यांवरून बोट फिरवत असे. नानांपासून ते टेबल मी लपवूनच ठेवलं होतं. पण परवा मी बाजारात गेलो असताना मुलीने दार उघडलं. परत येतो तर टेबल गुळगुळीत, आणि नाना स्वतःच्या लेकीच्या लग्नात उभे राहावेत तसे प्रसन्न.

"बघा सर, नवंकोरं!"

मी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, कुठेच अडेना. शेवटी मुलीनेच त्यांना बाहेर नेऊन सांगितलं.

काल सकाळी नाना खाली मान घालून आले. हातात टर्पेंटाइनची बाटली, कापूस आणि दात कोरायच्या काड्या. "मेणच आहे, सर. निघेल. वाईच वेळ द्या." एकेका ओरखड्यातलं मेण ते काडीने टोकरत बसले. जेवायला बोलावलं तरी उठेनात. एकदा स्वतःशीच पुटपुटले, "काम इतकं चांगलं झाल्याचा राग जन्मात पहिल्यांदा येतोय."

दुपार कलली तेव्हा शेवटची रेघ उघडी पडली. नानांनी कापूस खाली ठेवला.

"सगळे डाव्या हाताला आहेत. वहिनी डावखुऱ्या होत्या?"

"हो."

"काय लिहायच्या?"

तीन महिन्यांत लोकांनी माझं जेवण, झोप, औषधं सगळं विचारलं होतं. तिच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. मी खण उघडला आणि तिच्या वह्या नानांपुढे ठेवल्या.