अगस्तीन मास्तरांची चौकशी

अगस्तीन मास्तरांना तुम्ही नुसतं "आज ऊन फार आहे" म्हणून बघा. ते डोक्यावरची टोपी सरळ करतील, चष्म्यावरून बघतील आणि विचारतील, "कुणी सांगितलं?"

मी थट्टा करत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या केडगावच्या गल्लीत बातमी आली की उद्यापासून चार दिवस नळाला पाणी नाही. बायकांनी बादल्या, पातेली, शेवटी मुलांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरून ठेवल्या. मास्तर मात्र दारोदार फिरत होते. "तुमाला कुणी सांगितलं? त्यांनी स्वतः ऐकलं का? का त्यांनाबी कुणी सांगितलं?" सात घरं फिरून ते थेट टाकीवर पोचले आणि तासाभरानं परत येऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहून ओरडले, "पानी येनार हाय! न्हाई येनार ते भिंगारला!" लोकांना आनंद व्हायला हवा होता. पण भरलेली पातेली बघून सगळे मास्तरांवरच चिडले.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते कॅटेकिस्ट. कॅथलिक चर्चच्या वतीनं खेडोपाडी जाऊन धर्मशिक्षण देणारा जो शिक्षक असतो, तो. चाळीस वर्षं त्यांनी सायकलवरून हे काम केलं. आता वय चौऱ्याहत्तर. "निवृत्त झालो ते सायकलीवरनं," असं म्हणतात. शिकवणं चालूच आहे, आणि गल्लीत विद्यार्थी एकच उरलाय. तो मी.

मीही ख्रिस्तीच, पण प्रॉटेस्टंट. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे मला "सर" म्हणतात. आमच्या बायबलात सहासष्ट पुस्तकं, त्यांच्यात त्र्याहत्तर. या सात पुस्तकांवरून आम्ही बारा वर्षं भांडतोय. मी एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मास्तर, आम्ही फक्त शास्त्र मानतो. शास्त्रात आहे तेवढं खरं."

"बरं," मास्तर म्हणाले. "शास्त्राला अनुक्रमणिका हाय का?"

"आहे की."

"ती कुणी सांगितली? कोनतं पुस्तक आत घ्यायचं, कोनतं भायेर ठेवायचं, हे आतल्या कोनत्या पुस्तकात लिवलंय?"

मी तीन दिवस त्यांच्या दारावरून गेलो नाही. चौथ्या दिवशी तेच आले आणि माझ्या बायकोनं, रत्नमालानं, लिहून ठेवलेली लोणच्याची वही मागून घेतली. मोठ्यानं वाचलं, "मीठ अंदाजे." मग माझ्याकडे वळले. "कुणाचा अंदाज, सर? तुमी वही वाचून लोनचं घाला बघू. वैनींच्या शेजारी बसून दोन वरसं हात बघितला, तर जमंल. लिवलेलं बी पायजे आन हातातनं हातात आलेलं बी पायजे. दोन्ही मिळून एक. देवानं आभाळातनं पुस्तक न्हाई टाकलं. सवता आला. बारा जनांच्या पंगतीत बसला, बोलला, मेला, उठला. त्या बारा जनांनी सांगितलं, मंग काही लिवलं. ख्रिस्तसभेनं दोन्ही जपलं."

"आणि पोप म्हणेल ते खरं, ते कशाला?"

"पोपच्या मनाला येईल ते न्हाई!" मास्तर खुर्चीतून उठलेच. "सातबारा कोन लिवतो?"

"तलाठी."

"मंग जमीन तलाठ्याची झाली का? पोप काय, बिशप काय, वचनाचे मालक न्हाईत. चाकर हायत. पर भावाभावांत बांधावरनं भांडन लागलं, तर नकाशा कुणीतरी उघडायला पायजे का नको?"

मी रत्नमालाला चहा ठेवायला सांगितलं.

तर अशा माणसाच्या आयुष्यात मागच्या हिवाळ्यात तो दिवस आला. रत्नमाला बाजारातून आली ती धापा टाकतच. पुणतांब्याकडे एका बाईशी मरियामाता बोलते. रोज दुपारी बारा वाजता. आणि मातेनं सांगितलंय की येत्या सोमवारपासून तीन दिवस जगात अंधार पडणार!

मास्तर आमच्याच ओट्यावर होते. "कुणी सांगितलं?"

"राहुरीच्या जाऊबाईंनी."

जाऊबाईंना फोन लागला. त्यांना किराणा दुकानदाराच्या बायकोनं सांगितलं होतं, तिला एका टेम्पोवाल्यानं. मास्तर वहीत नावं लिहून बाण काढत होते. इतक्यात त्यांच्याच चर्चच्या फादरांचा फोन आला. मास्तरांच्या मोबाईलचा आवाज इतका मोठा असतो, की आम्हाला सगळं ऐकू आलं.

"मास्तर, तिकडच्या फादरांना ताप आलाय. त्यांनी आपल्याकडं माणूस मागितलाय. लोक मेणबत्त्यांचे खोके घेऊन निघालेत. तुम्ही जाऊन ऐकून या. निर्णय देऊ नका. फक्त ऐका आणि लिहून आणा. पुढचं बिशप बघतील."

मास्तर उभे राहून फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावरही उभेच होते. "सर," ते म्हणाले, "चाळीस वरसं मी पोरांना शिकवलं, खाजगी प्रकटीकरन म्हंजे काय. एकदाबी बघितलं न्हाई! गाडीत पेट्रोल हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या गाडीपाशी हजर. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट, तीन पेनं, दुरेघी वही, फडक्यात बांधलेलं त्र्याहत्तर पुस्तकांचं बायबल आणि छत्री. हिवाळ्यात छत्री कशाला, तर "तिकडं किती वेळ उभं ऱ्हावं लागंल, म्हाईत न्हाई." राहुरीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून आम्ही रांगत होतो आणि मास्तर सीटवर बसल्या बसल्या उड्या मारत होते.

"ध्यानात घ्या, सर. देवाला सांगायचं हुतं ते सगळं त्यानं आपल्या लेकात, येशूत, सांगून टाकलं. आता नवी भर न्हाई. जगाच्या अंतापतुर न्हाई. कुना बाईला, कुना संताला काय दिसलं, काय ऐकू आलं, तर ते त्याच जुन्या गोष्टीची आठवन करून द्यायला. त्याच्याइरुद्ध एक शब्द निघाला, तर खोटं. आन खरं असलं, तरी त्याच्यावर इस्वास ठेवलाच पायजे अशी कुनाला सक्ती न्हाई."

"मग तुम्ही एवढे उड्या का मारताय?"

"सक्ती न्हाई म्हनून काय आनंदबी करू नये का?"

पुणतांब्याच्या अलीकडे नदीच्या बाजूला ती वस्ती. शेताच्या कडेला दगड रचून कपार केलेली आणि तिच्यात हातभर उंचीची मरियामातेची मूर्ती. भोवती ही गर्दी! टेम्पो, मोटारसायकली, एक रसवंतीचं गुऱ्हाळसुद्धा येऊन ठेपलेलं. लग्नात गाणी वाजवणारा पीटर नावाचा गडी दोन भले मोठे स्पीकर लावून माईकवर गर्जत होता, "तीन दिवस अंधार! मातेचा निरोप हाय! ज्याला वाचायचं त्यानं घरात मेनबत्त्या ठेवा!"

मास्तर गर्दीतून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "कुणी सांगितलं?"

पीटरचा आवाज स्पीकरमध्येच अडकला. "बाईंनी."

"तू सवता ऐकलं?"

"व्हय. परवा. माझ्या दारात येऊन म्हनल्या."

बाई कपारीशेजारी पोत्यावर बसल्या होत्या. फिलोमिनाबाई. सत्तरीच्या, काळ्यासावळ्या, काटकुळ्या. एवढ्या माणसांत त्या एखाद्या पाहुणीसारख्या अंग चोरून बसल्या होत्या. मास्तरांनी टोपी काढली, "जय ख्रिस्त, बाई" म्हणाले आणि अंधाराचं विचारलं.

"मी कवा म्हनले?" बाई चकित. "लाईटवाला आल्ता. खांब बदलायचेत, सोमवारपसनं तीन दिवस लाईट न्हाई, म्हनला. मी पीटरला सांगाय गेले, की बाबा, दळन आदी आनून ठेव. त्यात मातेचं कुठं नाव हुतं?"

मास्तरांमागोमाग आलेल्या पीटरच्या हातातला माईक चालूच होता.

पहिल्यांदा रसवंतीवाला हसला. मग मागचा टेम्पो, मग सगळी वस्ती. पीटर माईक ठेवून गिरणीकडे गेला असावा, कारण नंतर तो दळणाचा डबा घेऊन येताना दिसला. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी माईकचं बटण बंद केलं, बाईंसमोर मांडी घातली आणि वही उघडली. मी शेजारीच उभा होतो.

"आता मूळचं सांगा. आवाज कोनत्या कानाला आला?"

"दोन्ही."

"भाषा?"

"आपलीच की."

"नगरी, का पुस्तकातली?"

"माझ्या मावशीसारकी."

"काय शब्द हुते? जसेच्या तसे सांगा. तुमचं पदरचं घालू नका."

बाई जरा लाजल्या. इकडे तिकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हनली, 'फिलू, जेवलीस का?'"

"आनखी?"

"बास. रोज एवढंच. मालक गेल्यापसनं मला फिलू कुनी म्हनत न्हाई, मास्तर. पोरं पुन्याला. जेवलीस का, असं कुनी इचारून चार वरसं झाली."

मास्तरांचं पेन थांबलं. इतकी वर्षं मी त्यांना बघतोय, पण पुढचा प्रश्न तयार नाही असं कधी झालं नव्हतं.

"तुमची मंडळी बी आल्यात का?" बाईंनीच विचारलं.

"सिसिलिया गेली. आठ वरसं झाली," मास्तर म्हणाले आणि घाईनं वहीचं पान उलटलं. "बरं, मूर्तीचे ओठ हालले का?"

प्रश्न संपल्यावर लोकांनी त्यांना माईकपाशी ओढलं. खरं की खोटं, सांगा! मास्तर माईकसमोर ताठ झाले.

"ते सांगनारा मी कोन? त्याला बिशप हायत. मी एवढंच सांगतो. या बाईंनी जे ऐकलं, त्यात नवी आज्ञा न्हाई, धमकी न्हाई, अंधार न्हाई. मरिया आई हाय. आई दुसरं काय इचारनार? आन ती बोलली, तर लेकाकडंच बोट दाखवनार, सवताकडं न्हाई. देवाला सांगायचं ते सांगून झालंय. आपलंच ऐकायचं ऱ्हायलंय. आता मेनबत्त्या घरी न्या. सोमवारी लाईट न्हाई, उपेगी पडतील!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "मग तुमी आला कशाला एवढ्या लांब?"

"ऐकायला," मास्तर म्हणाले.

मग बारा वाजले. लोक प्रार्थनेला गुडघ्यावर आले. मला काही ऐकू आलं नाही. मास्तरांना आलं की नाही, ते मी विचारलं नाही. प्रार्थनेनंतर मी उसाचा रस प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर गर्दी पांगलेली आणि मास्तर पुन्हा बाईंसमोर बसलेले. बाईंनी त्यांच्यापुढे भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली होती. दोघं काहीतरी बोलत होते. मी लांबच थांबलो.

येताना मास्तर वही छातीशी धरून बसले होते. राहुरी आली तेव्हा म्हणाले, "सर, काच वर घ्या. धूळ येतीय."

त्या चौकशीचं पुढं काय झालं, ते सांगून टाकतो. बिशपांकडून कागद आला. तिथं लोकांनी खुशाल प्रार्थना करावी, निरोप म्हणून काही पसरवू नये, स्पीकर लावू नयेत. घटनेच्या खरेपणाबद्दल सध्या काहीच म्हणायचं नाही. मास्तरांनी तो कागद चर्चमध्ये स्वतः वाचून दाखवला. आणि आणखी एक सांगितलं होतं बिशपांनी, की फिलोमिनाबाईंच्या घरी वस्तीतल्या कुणीतरी रोज जाऊन यावं. ते काम पीटरच्या बायकोनं घेतलंय. ती दुपारी त्यांच्यासोबतच जेवते.

पण बिशपांकडे गेलेला तो चौकशीचा अहवाल मी टाइप केला होता. पुणतांब्याहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तर वही घेऊन माझ्या कॉम्प्युटरपाशी आले. मला वही दिली आणि स्वतः मागच्या खुर्चीत चहा घेऊन बसले. स्वच्छ, शुद्ध भाषेत लिहिलेले प्रश्न आणि त्यांखाली बाईंची उत्तरं, त्यांच्याच शब्दांत. कुठंही पदरचं काही नाही. मी सोळा प्रश्न टाइप केले आणि पान उलटलं.

तिथं सतरावा होता. त्यावर आडव्या रेघा मारलेल्या होत्या. पण मास्तर पेन दाबून लिहितात. रेघांखालचं सगळं वाचता येत होतं.

"प्रश्न : आमच्या सिसिलियाबद्दल काही बोलली का?

उत्तर : न्हाई, मास्तर. पर उद्या आली तर इचारते."

"झालं का, सर?" मागून आवाज आला.

"होत आलं. सोळाच आहेत ना, मास्तर?"

बशीत चहा ओतल्याचा आवाज थांबला.

"सोळाच," ते म्हणाले.

मी सोळाव्या उत्तराखाली त्यांच्या सहीपुरती जागा सोडली आणि पान छापायला दिलं.