जुळं होण्याचा प्रयत्न

सभ्यपणात आम्हा मिनेसोटाकरांचा हात कुणी धरणार नाही, आणि त्यातही माझा! समोरचा जे म्हणेल त्याला ‘हो, अगदी’ म्हणायचं, हे मी गायीचं दूध काढायच्या आधी शिकलो. पाहुण्याने आठवडाभर चुकीच्या नावाने हाक मारली तरी मी ओ देतो. या स्वभावाने माझं कधी काही बिघडलं नाही, असं मी पन्नाशीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

मग रोल्फ सापडला.

मी दत्तक मुलगा, एकुलता एक. टोस्टरूड आईबाबांनी मला जीव लावला, पण संध्याकाळी गोठ्यात काम करताना शेजारी आपल्यासारखाच कुणीतरी असावा असं मला फार वाटायचं. लग्न झालं, मुलं झाली, तरी ते वाटणं गेलं नाही. आणि एक दिवस बियाण्यांच्या दुकानात एक अनोळखी बाई म्हणाल्या, “सर, तुम्ही इकडे कुठे?” त्यांच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक रोल्फ एकडाल म्हणे हुबेहूब माझ्यासारखे दिसत. चौकशी केली तर तेही दत्तक, त्याच अनाथाश्रमातले, आणि जन्मतारीखही तीच!

विद्यापीठात डॉक्टर कोनिग नावाच्या बाई होत्या. लहानपणी ताटातूट झालेल्या जुळ्यांवर त्यांचं संशोधन चाले. माणसाची बुद्धी रक्तातून किती येते आणि घरातून, शाळेतून किती, हे त्यांना शोधायचं होतं. एक जज्जाच्या घरी पुस्तकांत वाढलेला आणि दुसरा शेणामातीत, म्हणजे बाईंना लॉटरीच लागली. त्यांनी आम्हाला आठवडाभर मिनीॲपोलिसला बोलावलं. रक्त पहिल्याच दिवशी काढून घेतलं, पण त्याचा निकाल शेवटी कळणार होता.

मुलाखतीला आम्ही शेजारी शेजारी बसलो. माझी नजर रोल्फवरून हलत नव्हती. तो सारखा चष्मा पुसत होता.

“खायला काय आवडतं?” बाईंनी विचारलं.

“खारवलेला हेरिंग मासा,” रोल्फ म्हणाला.

“मलाही,” मी म्हणालो. त्याच्या नुसत्या वासाने मला मळमळतं, पण भावाला पहिल्याच दिवशी खोटं कसं पाडायचं?

“आणि माणसांखालोखाल मला गायी आवडतात,” मी पुढे म्हणालो.

“मलाही. फार,” रोल्फ म्हणाला. नंतर कळलं की गाय दिसली की तो गाडीच्या काचा वर करतो.

बाईंना लिहायला हात पुरेनात. दुपारी त्यांनी आमच्यासाठी मुद्दाम हेरिंगची बरणी मागवली. मी दोनदा वाढून घेतला.

“आता उद्या बुद्धीची चाचणी,” जेवण झाल्यावर बाई म्हणाल्या. “खरोखरचे जुळे असाल तर दोघांचे आकडे जवळपास यायला हवेत, कोण कुठे का वाढलेला असेना.”

मी बायकोला फोन लावला.

“मार्लिस, तो गणिताचा प्राध्यापक आहे. मी ढ निघालो तर तो माझा भाऊ राहणार नाही.”

“अरे, भाऊ काय परीक्षा देऊन मिळतो?”

“इथे मिळतो.”

“मग बस अभ्यासाला. मला कशाला विचारतोस?”

मी कोड्यांची पुस्तकं विकत आणली आणि डोळे चुरचुरेपर्यंत सोडवली. चाचणीला आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. आयुष्यात एवढं डोकं मी कधी चालवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई गोंधळलेल्या दिसल्या.

“टोस्टरूड, तुमचा आकडा फारच वरचा आहे. आणि प्राध्यापक एकडाल...” त्या खाकरल्या. “सात अधिक पाच तुम्ही चुकलात. आता मी काय लिहू? पुस्तकांनी बुद्धी जाते आणि गायींच्या संगतीने येते?”

रोल्फ बुटांकडे बघत होता.

“मुद्दाम चुकलास?” मी विचारलं.

“तुझा आकडा माझ्यापेक्षा कमी आला असता तर सगळं तुटलं असतं,” तो म्हणाला. “तू अभ्यास करशील हे मला काय माहीत? मला वाटलं, आपली गाठ खालीच पडेल.”

हा सरळ सरळ अपमान होता. पण इतक्या मायेने माझा अपमान कुणी केला नव्हता.

बाई आमच्यावर चिडल्या, आणि मग त्यांनी वही मिटली. रक्ताचा निकाल त्यांना सकाळीच कळला होता.

“तुम्ही जुळे नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “साधे भाऊही नाही. तुमचं काही नातंच नाही.”

“बरं,” मी म्हणालो.

“बरं,” रोल्फ म्हणाला.

मला रडू येत होतं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली तो मिळाला, आणि आठवडाही पुरला नाही.

बाहेर बर्फ पडत होतं. माझ्या ट्रकपाशी उभे राहून आम्ही रस्त्यांबद्दल बोललो, मग दुधाच्या भावाबद्दल.

“निघतो मग,” मी म्हणालो.

“हो, नीघ,” तो म्हणाला. दोघेही जागचे हललो नाही.

“एक अडचण आहे, एल्डन,” शेवटी तो म्हणाला. “माझ्या आईला मी सांगून बसलोय. ऐंशीच्या पुढची आहे ती. तुझ्यासाठी मोजे विणायला घेतलेत. एक पूर्ण झालाय.”

“मग?”

“आता तिला थांब कसं म्हणू? बरं दिसत नाही ते.”

“नाहीच दिसत,” मी म्हणालो. “आणि मार्लिसनेही चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकलंय. तिला तरी कसं खोटं पाडायचं?”

नाताळात मी रोल्फच्या आईकडे गेलो. म्हातारीने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला.

“अगदी रोल्फ,” ती म्हणाली. “म्हणून तर तुझं माप मागवलं नाही. त्याच्याच पायाचे विणले.”

रोल्फचे पाय नाजूक, माझे फावड्यासारखे. मोजा टाचेशीच अडकला. रोल्फ खिडकीबाहेर बघू लागला. मी दात-ओठ खाऊन ओढला, बोटं आत दुमडली.

“बसले का रे?” तिने विचारलं.

“अगदी मापाचे आहेत, आई,” मी म्हणालो.

“मग आणखी दोन जोड घेते विणायला,” ती म्हणाली.