तालमीपुरते विसूभाऊ

आमच्या मंडळाचं 'संगीत केतकीहरण' नऊ वर्षं चाललं आणि त्याची झाडून सगळी तालीम विसूभाऊ शेट्यांच्या पडवीत झाली. या नऊ वर्षांत विसूभाऊंनी नाटकाचा प्रयोग एकदाही पाहिला नाही. देवळातल्या उत्सवातला नाही, पावस गावी झालेला नाही, स्पर्धेतलाही नाही. नाट्यगृह त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मानाचा पास हातात नेऊन दिला तर तो चष्म्याच्या घरात नीट घडी करून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विचारत, "काय, गाडी वेळेवर पोचली ना?"

का येत नाही म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "डेपोतून गाडी सुटली की कंट्रोलरचं काम संपलं. कंट्रोलर काय गाडीच्या मागून धावत जातो?"

विसूभाऊंची उभी हयात बस डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. मांडवीत माझं घर त्यांच्या शेजारी, मधे कमरेएवढी चिऱ्याची भिंत, म्हणजे आमच्याकडचा गडगा. सकाळी त्या गडग्यापलीकडून खणखणीत आवाज येतो, "फलाट क्रमांक एकवर मासेवाली लागलेली आहे. बांगडा ताजा आहे. इच्छुकांनी टोप घेऊन यावे." पहिल्या वर्षी माझ्या बायकोला याचा राग यायचा. आता विसूभाऊ कधी परगावी गेले तर आमच्याकडे त्या दिवशी डाळ-भात होतो.

डेपोत गाडी किती भरली याला भारमान म्हणतात. विसूभाऊंनी हा शब्द नोकरीबरोबर सोडला नाही, घरी आणला. लग्नाला जाऊन आले की मुलगी कशी, जेवण कसं हे सांगत नाहीत, "भारमान चांगलं होतं" एवढंच सांगतात. एकदा एका तेराव्याहून तोंड पाडून परत आले. मला वाटलं, गेलेल्या माणसाचं दुःख. तर म्हणाले, "काय ओ, आयुष्यभर लोकांच्या उपयोगी पडला आणि भारमान बघाल तर पंचवीस टक्के."

तालमीलाही हाच हिशेब. केतकीहरणात मी द्वारपाल. पहिल्या अंकात "महाराज, कोणी परदेशी भेटीस आला आहे" आणि तिसऱ्यात "महाराज, घात झाला" अशी माझी दोन वाक्यं. ती म्हणायला मी दर वर्षी दिवाळीपासून उत्सवापर्यंत रोज संध्याकाळी दोन तास पडवीत बसलो, कारण विसूभाऊ मधेच उठू देत नसत. "वाक्यं दोन असली म्हणून काय झालं? तिकीट पुऱ्या प्रवासाचं हाय. बस खाली." आणि हातात चहा. पडवीच्या कोपऱ्यात शेगडी मांडलेली, तिच्यावर सतत टोप चढलेला. आलं इतकं घालत की गाणाऱ्यांचे गळे सुटत आणि न गाणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

दुसरा त्यांचा ध्यास म्हणजे आवाज. कुणी जरा हळू बोललं की अंगणातून ओरडत, "मागच्या सीटला ऐकू गेलं नाय!" मागे कुणी नसायचं. मागे फणस होता. त्यांचा लाडका नट म्हणजे आमचा राक्षस, दत्तू. हा मिरकरवाड्यात माशांचा लिलाव पुकारतो. दत्तूने राक्षसाचं पद सुरू केलं की आमच्या घरात फळीवरच्या बरण्या वाजतात. विसूभाऊ मान डोलवत म्हणत, "ह्याला म्हणतात आवाज! थेट शेवटच्या थांब्यापर्यंत."

पडवीच्या खिडकीत एक पितळी पेला असे आणि त्या पेल्यात विसूभाऊंचा मोबाईल उभा. "रेंज तिथंच येते," असं ते सांगत. तिथे कुणी टेकून बसलं की त्याला उठवत. आम्ही समजून होतो. एकट्या माणसाच्या शंभर खोडी असतात, त्यातली ही एक.

एकटे म्हणजे तसे एकटे नाहीत. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी पाच वर्षांपूर्वी डोंबिवलीला मुलाकडे गेल्या. सून नोकरी करते, नातवाला कोण बघणार? नातू जरा मोठा झाला तोवर पाठोपाठ नात झाली. आमच्याकडे हे घरोघर आहे. बाई नातवंडांसाठी मुंबईकडे आणि बुवा आंब्याच्या कलमांची राखण करत गावात. कुणाला त्याचं विशेष वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. दुपारी वहिनींचा फोन येई. तो गडग्याअलीकडे मला ऐकू येई, कारण विसूभाऊ फोन स्पीकरवर ठेवतात आणि फोनवरही फलाटावरच्यासारखंच बोलतात.

"जेवलात काय?"

"जेवलो. तू?"

"होय."

"बरं. ठेव."

एवढ्या वेळात आमच्याकडे गॅसही पेटत नाही.

तर गेल्या वर्षी केतकीहरण बंद करायची वेळ आली. राजाचं काम करणाऱ्या गृहस्थांना सिंहासनावर बसता येई पण उठता येईना. पुढे पुढे राजा उभा राहिला की दोन सेवक आपोआप काखेत हात घालत, आणि लोकांना वाटे की राजाला अटक झाली. त्यात केतकीचं काम करणाऱ्या बाईंची बदली नाशिकला झाली. उत्सवात शेवटचा प्रयोग करायचा आणि त्याच्या जागी नवं नाटक घ्यायचं ठरलं. कुठलं घ्यायचं, यासाठी पडवीत सभा भरली.

आमचा कार्यवाह मंदार बँकेत अधिकारी आहे. त्याने 'संगीत लिफ्ट बंद आहे' हे नाटक आणलं होतं. दोन अंक, पाच पात्रं, संगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं. तालमी फक्त रविवारी, आणि त्याही त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. "विसूभाऊंना पण त्रास नको," मंदार म्हणाला.

"त्रास?" विसूभाऊ म्हणाले. "मी कधी तक्रारवही भरली काय रे? आणि पाच माणसं? पाच माणसांना नाटक कशाला पायजे? रिक्षा करा."

मग कुणीतरी 'संगीत वैराग्यवीणा' सुचवलं. बावीस पात्रं, पदं उत्तम. विसूभाऊंनी पुस्तक चाळलं आणि बाजूला ठेवलं.

"पयल्या अंकात तीन माणसं मारलीत ह्याने."

"अहो, शोकान्त आहे ते."

"असू दे. पण मेलेली माणसं मग तालमीला येतील काय? घरी बसतील मेली. माणसं मारायची तर शेवटच्या अंकात मारावी, तवर चा प्यायला तरी येतात."

यावर हसू की रडू कळेना. मग त्यांनी आतून एक पिवळं पडलेलं पुस्तक आणून मधे ठेवलं. 'संगीत सप्तद्वीप'. पाच अंक, एकतीस पात्रं, चव्वेचाळीस पदं. हे नाटक कुणी पुरं केल्याचं आमच्यातल्या कुणी ऐकलंही नव्हतं. उभं करायला वर्ष तरी लागलं असतं.

"विसूभाऊ," मंदार काकुळतीला येऊन म्हणाला, "एकतीस माणसं आपल्याला प्रेक्षकांत मिळत नाहीत ओ!"

मी मंदारच्या बाजूने बोललो. खोटं कशाला सांगू, मला माझ्या संध्याकाळी परत हव्या होत्या. आणि हा माणूस प्रयोगाला येत नाही, गाणं शिकलेला नाही, त्याने एकतीस पात्रांचा हट्ट का धरावा, याचा मला रागही आला होता. तसं मी बोलूनही दाखवलं. शेवटच्या तालमीनंतर हात वर करून निकाल लावायचा असं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून गडग्यापलीकडच्या घोषणा बंद. मासेवाली येऊन जाई, आम्हाला पत्ता लागत नसे. आमच्या थांब्यावर गाडी थांबायचीच बंद झाली म्हणा ना. आठवडाभराने विसूभाऊ स्वतःच गडग्याशी आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सप्तद्वीपात द्वारपाल सात वेळा येतो. सात द्वीपं, सात दारं. चौदा वाक्यं तरी असतील तुला." मी हसलो. ते हसले नाहीत. "बघ बाबा," एवढं म्हणून परत गेले. त्यांचा तो पडलेला चेहरा मी पाहिला होता आणि तरी माझं मत बदललं नाही, हे इथे कबूल करतो.

शेवटच्या तालमीला पडवीत आम्ही अठरा जण होतो. आमचे प्रॉम्प्टर चिपळूणला लग्नाला गेले होते. नऊ वर्षांचं पाठ नाटक, प्रॉम्प्टर हवाय कशाला, असं आम्हीच म्हणालो होतो. तिसरा अंक आला. दत्तू छाती काढून उभा राहिला आणि गरजला, "केतकी! या सात समुद्रांना साक्ष ठेवून सांगतो..."

आणि थांबला. पुढचं वाक्य गेलं. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं, "सांगतो... सांगतो..." म्हणत दाढी खाजवली. केतकी त्याच्या तोंडाकडे बघतेय, आम्ही एकमेकांच्या. एकाला आठवेल तर शपथ.

तेवढ्यात खिडकीतून बाईचा आवाज आला.

"'की तुझ्या बापाच्या गडाची एक शिळा जागेवर राहणार नाही.' बोला ओ दत्तूभाऊ, नऊ वर्षं झाली!"

पाठोपाठ कुकरची शिटी झाली.

मिरकरवाड्यात कुणाच्या बापाला न भिणाऱ्या दत्तूने गदा खाली टाकून हात जोडले. राजा त्या दिवशी सेवकांशिवाय उठला. मी मात्र खिडकीकडे न बघता विसूभाऊंकडे बघितलं. हातात पकड घेऊन ते शेगडीपाशी उभे होते, विनातिकीट पकडलेल्या प्रवाशासारखे.

"ती... आयकत असते," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"गेली तेव्हापासून."

मग पुढचं त्यांनाच सांगावं लागलं. आणि फलाटावरचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला की मागच्या माणसांना पुढे सरकावं लागलं.

"नुसता फोन लावून बोलायचं काय? जेवलात काय, जेवलो, संपलं. आमाला कधी बोलायची सवयच नव्हती. घरात असताना तरी कुठं बोलायचो? ती आत, मी पडवीत. पण ती आत हाय, हे म्हायती असायचं. तालीम सुरू झाली की मी फोन लावून ठेवतो. ती तिकडं चपात्या करते, मी हिकडं चा करतो. दोन तास घर घरासारकं वाटतं."

"मग प्रयोगाला का येत नाही हो?" मंदारने विचारलं.

"ती हितं होती तवा तिला गर्दी सोसायची नाय, म्हणून घरीच थांबायचो. आता थेटरात फोन बंद करायला लावतात. तिला सोडून मी एकटा बघू?"

मला फार लाज वाटली. चार वर्षं मी गडग्याअलीकडे या माणसाच्या नकला करून घरात हशे मिळवले होते. एकतीस पात्रांच्या हट्टाची चीड आली होती, पण त्यामागे काय असेल असा प्रश्न शेजारी असून मला पडला नव्हता. त्या पडवीत खाली बघणारा मी एकटाच नव्हतो, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

मंदार उठून खिडकीपाशी गेला आणि पेल्याकडे तोंड करून, एखाद्या बड्या पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाला, "वहिनी, आम्ही नवीन नाटक ठरवतोय."

"म्हायती हाय. आयकलंय मी सगळं. लिफ्टचं पण."

"मग तुम्हीच सांगा, कुठलं घेऊ?"

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. विसूभाऊंनी टोपावर नजर लावली होती, पण त्यांचे कान खिडकीत होते.

"हे बघा," वहिनी म्हणाल्या, "धाकटी आता दीड वर्षाची हाय. ती शाळेत जायला लागली की मी घरी येणार. सुनेला सांगून टाकलंय तसं. अजून दीड-दोन वर्षं धरा. तवर पुरेल असं काय ते घ्या."

विसूभाऊंनी झटकन वर पाहिलं. ही गोष्ट त्यांनाही आम्हा अठरा जणांबरोबरच कळत होती. इतक्या वर्षांत 'तू परत कधी येणार' एवढं त्यांनी विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटली असणार, दुसरं काय.

हात वर करायची वेळ आलीच नाही. मंदारने ते पिवळं पुस्तक उचललं, पहिलं पान उघडलं आणि पात्रांच्या यादीपुढे पेन्सिलीने नावं लिहायला बसला. नाशिकला जाणाऱ्या बाई सोडून एकतीसपैकी सतरा तिथल्या तिथे भरली. उरलेली चौदा कुठून आणायची यावर वाद सुरू झाला आणि त्या गलक्यात विसूभाऊ आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेले. मी जवळच होतो म्हणून ऐकलं.

"नक्की येणार ना?"

"येणार म्हटलं ना. आधी मागं बघा, चा उतू जातोय."

खरंच जात होता.