रामटेकेबाबूंच्या सूचना

माझ्या नेमणुकीच्या आदेशावर रामटेकेबाबूंनी पहिल्याच दिवशी कोपऱ्यात पेन्सिलीनं 'ड' लिहिलं. हे काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "हंगामी आहात ना बाई. एका सालाचं काम." सरकारी दफ्तरात 'अ' म्हणजे कायम ठेवायचा कागद, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा आणि 'ड' वर्षभरात नाश करायचा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कळलं त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

रामटेकेबाबू आमच्या गडचिरोलीच्या ऑफिसात रेकॉर्ड कीपर होते. कानावर पेन्सिल, अंगात पांढरा सदरा, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे बघण्याची एकच नजर: ही ठेवायची किती दिवस? लग्नपत्रिका आली की तारीख बघून 'ड'. बाजारातलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, 'क', टमाटर 'ड'. सर्दी 'ड', मलेरिया 'ब', कारण तो आमच्याकडे येऊन-जाऊन असतो. नवे साहेब रुजू झाले, की आम्ही सगळे चहाच्या वेळी बाबूंकडे बघायचो. ते पेन्सिल काढून हवेतल्या हवेत एक अक्षर काढायचे, आणि साहेबांची बदली साधारण त्याच हिशेबानं व्हायची.

नाश करायचे कागद ते दर उन्हाळ्यात ऑफिसच्या मागं स्वतः जाळत. दुसऱ्या कुणाला काडी लावू देत नसत. त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका समाधानी असायचा की मला त्यांची जरा भीती वाटे.

त्यात टायपिस्ट कुंदाबाईंनी मला एक गोष्ट सांगितली होती. बाबूंची बायको, यशोदाबाई, पंचेचाळिसाव्या वर्षी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन लिहायला शिकली. मुलगी सुनंदा नागभीडला शाळामास्तरीण. आई तिला पत्र लिहायची ते आधी वहीत कच्चं, मग खाडाखोड सुधारून कागदावर पक्कं. अशा पाच-सहा वह्या भरल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी यशोदाबाई गेल्या. आठवड्याच्या आत बाबूंनी घर आवरायला काढलं. लुगडी नातेवाइकांत वाटली, आणि वह्या अंगणात जाळल्या. पक्की प्रत रवाना झाली की कच्ची 'ड', हा दफ्तराचा नियमच आहे. सुनंदा खास त्या वह्या न्यायला आली, तेव्हा चिमूटभर राखसुद्धा उरली नव्हती. ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्या दिवसापासून तिनं बापाच्या घरात पाय ठेवला नव्हता, की दोन ओळी खरडल्या नव्हत्या. हे ऐकून मी मनातल्या मनात बाबूंना काळजाच्या जागी रबरी शिक्का असलेला माणूस ठरवून टाकलं.

मी त्या ऑफिसात आले होते ती कॉम्प्युटर चालवायला, आणि सालाचं ते काम पुढं वाढत गेलं. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वरोऱ्याची मी, नागपुरात सहा महिन्यांचा कोर्स केलेला, आणि तेवढ्या भांडवलावर अख्ख्या ऑफिसला अडाणी समजत असे. मशीनसाठी थंड खोली केली होती. उन्हाळ्यात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना तिथं काही ना काही काम निघायचं. बाबू मात्र दारातच चप्पल काढून उभे राहत आणि विचारत, "याले उधई लागते का?" मी म्हणाले, मशीनला वाळवी नाही लागत. ते म्हणाले, "कागदालेबी पहिल्या साली लागत नाई."

मशीनची डिस्क भरत आली तेव्हा साहेबांनी साफसफाईचा एक प्रोग्रॅम मागवला. तीन फ्लॉप्या; तिसरी लागणार नाही म्हणून मी कपाटात टाकली. पहिली फालतू फायली शोधून पुसायची. दुसरी, विखुरलेले तुकडे एका जागी आणायची, कारण डिस्कवर जागा मिळेल तिथं फाईल लिहिली जाते, अर्धी इथं, अर्धी तिथं. हे मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगायला घेतलं, पण बाबूंनी मला मध्येच थांबवलं. जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला तेव्हा ट्रक भरभरून दफ्तर इकडं आलं. एकाच प्रकरणाचा अर्ज इथं, निकाल तिकडं. बाबू चार वर्षं याद्या घेऊन चंद्रपूरला खेपा घालत होते. तुकडे जोडणं म्हणजे काय हे त्यांना मी सांगण्याची काहीच गरज नव्हती.

फ्लॉप्यांच्या खोक्यात एक छापील कार्ड होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये आणखी काय हवं ते कळवा, असं त्यावर इंग्रजीत लिहिलेलं. अशी कार्डं कुणी भरत नाही. बाबूंनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "विचारून राह्यले त सांगाव लागन." तिथून माझ्या मागं ते काम लागलं. ते सांगायचे, मी शब्दकोश घेऊन इंग्रजी करायची आणि टपालात टाकायची.

पहिली सूचना, जो खोडतो त्यानंच 'हो' म्हणू नये, दुसऱ्या माणसाची सही लागावी. दुसरी, खोडलेलं लगेच फेकू नये, वेगळ्या फडक्यात बांधून वर्षभर कोपऱ्यात ठेवावं. पुढं कित्येक वर्षांनी पडद्यावर कचऱ्याची टोपली आली तेव्हा मी एकटीच बसून हसले होते. तिसरी सूचना, तुकडे हलवताना कुठला कागद कुठून कुठं चालला ते मशीननं बोलून दाखवावं. चौथी, मध्येच लाईट गेली तर अर्धं काम कुठं राहिलं याची आठवण त्याला असावी, कारण गडचिरोलीत लाईट जातेच. पाचवी अशी होती की पावसाळ्यात काही हलवूच नये. ती मी इंग्रजीत करायला साफ नकार दिला. त्यावरून ते आठ दिवस माझ्यावर रुसले.

कंपनीचं उत्तर कधीच आलं नाही. बाबू रोज टपाल बघून जायचे. मला गंमत वाटायची. जाळण्यात ज्याचा हातखंडा, त्याच्या पाचही सूचना हात आखडायला सांगणाऱ्या कशा, हा प्रश्न मात्र तेव्हा मला पडला नाही.

मग एका दुपारी मी मोठा घोटाळा केला. बाबूंनी आणि मी तीन महिने खपून एक यादी मशीनवर चढवली होती. अर्धे कागद इथं आणि अर्धे चंद्रपूरला अशा प्रकरणांची यादी, नाव तिचं 'चांदा', चंद्रपूरचं जुनं नाव. सफाई करताना मी ती पुसली. घाईत 'हो' म्हटलं आणि गेली.  त्याच घाईत मी तुकडे जोडायची दुसरी फ्लॉपी आत सरकवली, तेवढ्यात बाबू दारात आले. माझा चेहरा पाहून त्यांनी एकच विचारलं.

"जाळली का नुसतं नाव खोडलं?"

त्यावर माझी ट्यूब पेटली. खरं तर नुसतं नावच खोडलं जातं. फाईल पुसली की मशीन तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं काढतं, मजकूर आहे तिथंच पडून राहतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं, तरच तो कायमचा जातो. आणि तुकडे जोडायला घेतले असते तर तेच झालं असतं. मी ती फ्लॉपी काढली. कपाटातून तिसरी शोधली, जी परत आणते. तिनं विचारलं, पहिलं अक्षर सांगा. मी सांगितलं. तीन महिन्यांचं काम पडद्यावर जसंच्या तसं उभं राहिलं.

मी सुटले म्हणून हसले. बाबू हसले नाहीत. स्टूल ओढून पडद्यासमोर बसले.

"मी त जाळल्या, बाई," ते म्हणाले. "नियमानं जाळल्या. तिच्या मागं घरात बसवत नव्हतं. हाताले कामच एवढं येते, आवराचं. दुसरं कोणतं काम येतच नाई त काय करू?"

कुंदाबाईंकडून ऐकल्यापासून मी या माणसाविषयी काय काय ठरवलं होतं, ते आठवून मला लाज वाटली.  ते म्हणाले, लिहा, सहावी सूचना.

मी कागद घेतला. ते सावकाश सांगत गेले. पुसायच्या आधी, ज्याचं त्या कागदावर मन आहे अशा माणसाला विचारावं. तो दूर असला तरी वाट पाहावी. न विचारता पुसलं असेल, तर तसं कबूल करावं. मी सवयीनं शब्दकोश उघडला, तर त्यांनी तो मिटला.

"इंग्रजी नोको करू. हे कंपनीले नाई. नागभीडले पाठवाचं आहे."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: सुनंदा, मी तुले विचाराले पायजे होतं. सही करताना नेहमीची दफ्तरी सही केली, मग ती खोडली आणि 'बाबा' लिहिलं.

उत्तर यायला सतरा दिवस लागले. या सतरा दिवसांत ते टपालाजवळ एकदाही फिरकले नाहीत. मीच रोज बघायची. पाकीट आलं ते मीच नेऊन दिलं. आत वहीच्या कागदावरचं एक जुनं पत्र, मोठ्ठी वाकडी अक्षरं, आणि सोबत सुनंदाची चिठ्ठी. "बाबा, हे आईचं पहिलं पत्र. वाचून झालं की परत करा. मग दुसरं देईन."

बाबूंनी ते पत्र रेकॉर्डरूमच्या खिडकीशी उभं राहून वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे दिलं. त्यात पाऊस, शेजारणीची गाय, आणि शेवटी एवढंच होतं की तुझे बाबा काही बोलत नाहीत, पण मी लिहायला बसली की कंदील माझ्याकडे सरकवून स्वतः अंधारात बसतात.

मी पत्र त्यांना परत दिलं. बाबू पत्राच्या जुन्या घड्या जशा होत्या तशाच घालत होते. मी म्हणाले, रजिस्टर टपालानं पाठवते, हरवायचं नाही.

"टपालानं काऊन?" ते म्हणाले. "आणलेलं रेकॉर्ड हाताहाती वापस कराव लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला आणि सकाळच्या गाडीनं ते नागभीडला गेले. सुनंदाकडे आईची एकूण एकतीस पत्रं होती, हे आम्हाला त्यांच्या पुढच्या रजेच्या अर्जांवरून कळलं.